तळाची ओळ

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरांची एक ओळ असते. मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी हे पत्र अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणाहून प्रसिद्ध केले, संपादक तमुक. इंग्रजांनी १८६७ च्या कायद्यानं ती सक्तीची केली. उद्या काही वावगं छापून आलं तर शिपाई कुणाच्या दारात पाठवायचा, ते कळायला हवं ना! वाचकांची नजर तिथवर सहसा जात नाही. मला मात्र पेपर उलटा, तळापासून वाचायची खोड आहे. बातमी कुणी लिहिली ते वर असतं. ती छापायची की टोपलीत टाकायची हे ठरवणाऱ्याचं नाव खाली असतं. त्या खालच्या जागी बाईचं नाव दिसलं की मी मथळे विसरते.

मलकापूर वऱ्हाडातलं, पण खानदेशाच्या उंबऱ्यावरचं. अकोल्याकडचे पेपर येतात, जळगावकडचेही येतात. पहाटे गठ्ठे उतरले की सुतळी कापायची, मुख्य अंकाच्या पोटात पुरवणी सरकवायची, मोजून दहा-दहाच्या चळती लावायच्या आणि सायकली सुटायच्या. शाईनं बोटांची पेरं काळी होतात आणि ती साबणानंही लवकर निघत नाही. आमच्या घरी पेपर आधी ओसरीवर जायचा. कापसाचा भाव, मुंबईचं राजकारण, रेल्वेची बातमी यांवर चहा व्हायचा. मग कुणीतरी पुरवणी काढून आत द्यायचं, ‘हे घ्या तुमचं.’ काकू ती हातात घेऊन हसायची. म्हणायची, “आपलं पान येगळं काढलं माय, म्हंजे बाकीचा पेपर त्याइचा.” माध्यमांवरची जाड पुस्तकं मी पुढे वाचली, काकूच्या या वाक्याच्या पुढे ती फारशी गेलेली नाहीत.

मलकापूरहून मोताळ्यामार्गे राजूर घाट चढला की बुलढाणा. त्या गावात जन्मलेल्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मुलाच्या हत्येसाठी शिक्षा झाली होती आणि त्या निमित्तानं ‘पुणे वैभव’सारखी पत्रं समस्त बायकांना तोंडसुख घेत झोडपत होती. बुलढाण्यात बसून एका बाईनं त्याला पुस्तकभर उत्तर दिलं. बुलढाण्याला तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही. मलकापुरावरून मात्र गाडी धावत होती. त्यामुळे त्या प्रतींचं एखादं पुडकं आमच्याच फलाटावर उतरलं असेल आणि बैलगाडीत पडून घाट चढलं असेल, असं मी खुशाल धरून चालते. एवढी कल्पना करायची मुभा गावकऱ्याला असावी.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. छापखान्यांची आणि पत्रांची कायदेशीर घोषणापत्रं जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यापुढे व्हायची, म्हणजे अशाच कचेऱ्यांत. बापाच्या टेबलाजवळून तसले कागद जात असतील आणि घरात मुलगी अशी लेखणी चालवत होती. लेखणी तिच्याकडे होती. पत्र नव्हतं, छापखाना नव्हता, पुढच्या महिन्याचा अंक नव्हता. टीका झाली तिला उत्तर द्यायला तिच्या हातात पान नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली, तीही त्यांच्या पत्रिकेत. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. मधल्या नव्वद वर्षांत कुणा बाईकडे चालतं प्रकाशन असतं तर? इतिहासात ‘जर-तर’ला किंमत नसते म्हणतात. धंद्यात असते.

तळाच्या ओळीपर्यंत बाई पोचली ती मरणाच्या वाटेनं. ‘दीनबंधू’ हे कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेलं आणि नारायण मेघाजी लोखंड्यांनी वाढवलेलं सत्यशोधकांचं पत्र पुढे वासुदेव बिर्जे चालवत होते. १९०८ मध्ये ते प्लेगनं गेले आणि तानूबाई बिर्जे संपादक झाल्या. सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली ही बाई. तिनं काही वर्षं ते पत्र नेटानं चालवलं. आपल्याकडे बाईला खुर्ची मिळायची ती नवरा गेल्यावर किंवा बापाला मुलगा नसला तर. खुर्ची रिकामी झाली म्हणून बाई बसली. बाई लायक म्हणून खुर्ची रिकामी केली गेली, अशी उदाहरणं शोधताना बोटं पुरतात.

विद्या बाळांची गोष्ट मला म्हणून वेगळी वाटते. किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकात त्या १९६४ मध्ये लागल्या आणि संपादकपदी आल्या १९८३ मध्ये. मासिकाचं नाव ‘स्त्री’, तरी एवढी वाट. पुढे ते सोडल्यावर त्यांनी १९८९ च्या ऑगस्टमध्ये स्वतःचं ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. वर्गणीदार गोळा करणं, कागद उधारीवर उचलणं, अंक टपालात टाकणं, हे सगळं आलंच. त्यासोबत काय छापायचं ते ठरवणंही आलं. नागपुरात अरुणा सबाने यांनी ‘आकांक्षा’ प्रकाशन उभं केलं, श्रीरामपुरात सुमती लांडे यांनी ‘शब्दालय’. दोघींनीही पुण्या-मुंबईबाहेर राहून. मला ही नावं साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापेक्षा मोठी वाटतात. अमरावतीच्या कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या आणि २०२५ च्या दिल्ली संमेलनात तारा भवाळकर सहाव्या. चौसष्ट वर्षांत सहा! शिवाय ते अध्यक्षपद मिरवण्याचं, खरं काम मांडवामागे. यवतमाळला २०१९ मध्ये व्यासपीठावर अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या, उद्घाटनाला शेतकऱ्याची विधवा वैशाली येडे होत्या, आणि त्याच संमेलनाचं नयनतारा सहगलांना दिलेलं निमंत्रण आधीच मागे घेतलं गेलं होतं. व्यासपीठ भरलेलं, आणि निमंत्रणांची यादी कुणाच्या हातात, ते ज्यानं त्यानं समजावं.

मीही काही काळ एका दैनिकाची मलकापूरची वार्ताहर होते. मानधन नावाला, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, पुढाऱ्यांचे वाढदिवस. ठाण्यातल्या बातम्या रात्री मिळतात, पुढाऱ्याच्या जाहिराती त्याच्या बैठकीत, आणि दोन्हीकडे बाई गेली की गावाला बातमी मिळते. मुख्य कचेरीतून सल्ला आला, ‘ताई, हळदीकुंकू, भिशी, शाळेची गॅदरिंगं बघा.’ मी नाफेडच्या खरेदीवरची बातमी पाठवली. ती दुसऱ्याच्या नावानं छापून आली. त्यातलं व्याकरण माझंच होतं.

बाया या धंद्यात नव्हत्या असं मात्र कुणी म्हणू नये. छापखान्याच्या मागच्या खोलीत फर्मे दुमडायला बाया असायच्या. मोठा कागद मांडायचा, लाकडी पट्टी फिरवायची, घडी, पुन्हा घडी, पानांचे आकडे जुळतात का बघायचे. झपाझप चालणारा हात, तोंडात नातीच्या शाळेची गोष्ट. आकडे कळायला पुरेल इतकंच वाचता येणाऱ्या बाईनं दुमडलेली पुस्तकं किती लेखकांच्या कपाटांत असतील! आता ते काम यंत्रावर गेलं, आणि यंत्रावर मुलगा बसला. यंत्र आलं की बाईचं काम वर सरकत नाही, जातं, हे गिरण्यांमध्ये झालं तेच इथंही.

परवा मोताळ्याकडची एक मुलगी भेटली. मोबाइलवर गावच्या बातम्या करते, बूम घेऊन ग्रामसभेत उभी राहते. मला वाटलं, लिहावं कसं ते विचारेल. तिनं विचारलं, “ताई, टायटल कसं घ्याचं?” २०२३ चा नवा कायदा लागू झाल्यापासून नोंदणी ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर होते, हे तिला ठाऊक होतं. नावाचे पर्याय तिनं वहीत लिहून आणले होते आणि पाक्षिक परवडेल की मासिक, याचं गणितही. जिनिंगवाल्यांची जाहिरात मिळेल, पण बाजार समितीबद्दल लिहिलं की बंद होईल, असंही तिनं शेजारी टिपून ठेवलेलं.

“प्रकाशक म्हणून कोणाचं नाव टाकणार?” मी विचारलं. “भाऊ म्हणतो त्याचं टाक, कचेरीत बरं पडते.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, तू वितरण पाय.”

मग आम्ही कागदाच्या भावावर आलो, आणि आठ पानांचा अंक मलकापुरात छापावा की अकोल्यात, यावर चांगला तासभर भांडलो.