न बोलणारा बाप

आपल्या साहित्यात आई पुष्कळ भेटते. बाप त्या मानाने कमी भेटतो आणि भेटला तरी बहुधा रागावलेलाच असतो. म्हणून नाताळ जवळ आला, की मला योसेफाविषयी लिहावेसे वाटते.

बायबलमधील चारही शुभवर्तमाने चाळा. योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. मरियेचे स्तोत्र आहे, देवदूतांचे गाणे आहे, मेंढपाळांचे बोलणे आहे. योसेफ मात्र नुसता उठतो आणि कामाला लागतो. स्वप्नात आज्ञा होताच त्याने गरोदर मरियेला घरी आणले. हेरोद बाळाच्या जिवावर उठला, तेव्हा तो रातोरात मायलेकरांना घेऊन मिसर देशात गेला. येशू १२ वर्षांचा असताना यरुशलेमेत मागे राहिला. तीन दिवसांनी सापडला, तेव्हाही बोलली ती मरियाच. पुढे योसेफ कथेतून नाहीसाच होतो. आमच्या वस्तीवरच्या नाताळच्या नाटकात योसेफाचे काम पाठांतर न होणाऱ्या मुलाला देतात. काठी धरून उभे राहायचे, एवढेच ते काम!

योसेफाच्या धंद्यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘टेक्टॉन’ असा आहे. त्याचा अर्थ सुतार, तसाच बांधकाम करणारा असाही होतो. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, सेंटरिंगचे काम करतात. टेकू उभे करायचे, त्यांवर प्लेटा बसवायच्या, मग वर स्लॅब पडतो. स्लॅब पक्का झाला, की सारे काढून न्यायचे. वास्तुशांतीच्या दिवशी त्या टेकूंची कुणाला आठवण नसते.

माझी बारावी झाली, तेव्हा नातेवाईक म्हणाले, “पोराला आता एमआयडीसीत लावा. शिकून कुणाचं भलं झालंय?” घरात खरोखरच ओढाताण होती. दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुकादमाकडून उचल आणून त्यांनी फीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. ती उचल ते अजून फेडताहेत. माझा प्रवेशअर्ज त्यांना वाचता आला नाही. सहीच्या जागी त्यांनी अंगठा दिला.

मौन हा नेहमीच गुण असतो, असे मी म्हणणार नाही. अन्याय पाहून गप्प बसणे हा भित्रेपणा होय. योसेफ बोलला नाही, पण थांबलाही नाही. कॅथलिक चर्चने १९५५ साली १ मे हा कामगार दिन श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून ठरवला, तो मला म्हणूनच योग्य वाटतो.

येशूने देवाला हाक मारली ती ‘अब्बा’, म्हणजे ‘बापा’, अशी. हा शब्द त्याने लहानपणी प्रथम कुणाला उद्देशून उच्चारला असेल? मला वाटते, नासरेथच्या त्या अबोल कारागिरालाच. बाप या शब्दात विश्वास ठेवण्याजोगे काही असते, हे त्याला त्या घरातच कळले असेल. मित्रहो, मलाही ते घरातच कळले.