बिनरंगाचा डाय

"अण्णांना डाय देणार आहेत, सही कर." काकांनी फॉर्म पुढे केला आणि सबमिशनच्या दिवशी सर जर्नलवर सही ठोकतात तशी मी न वाचताच ठोकली!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. अण्णा एसटीत ड्रायव्हर. बारा वर्षांचा डायबेटिस. छातीत दुखलं म्हणून अँजिओग्राफी. बाहेर आल्यावर म्हणाले, "अंगात गरम पाणी सोडल्यासारखं झालं रे. आता लघवी रंगीत होणार का?" मी हसलो. पण हा डाय पाण्यासारखा, त्याला रंगच नसतो! बेंझिनच्या कड्यावर आयोडीनचे तीन अणू. आयोडीनचा अणुक्रमांक 53, तो क्ष-किरण अडवतो, म्हणून पडद्यावर रक्तवाहिनी उठून दिसते.

रिपोर्ट चांगला आला. गोळ्यांवर भागणार होतं. आईने साखर वाटली (डायबेटिसवाल्या घरात!). तिसऱ्या दिवशी पाय सुजले, लघवी कमी झाली. क्रिएटिनिन 1.4 वरून थेट 2.6!

डॉक्टरांनी विचारलं, "पेनकिलर घेत होते का?"

सगळे गप्प. मला माहीत होतं. कंबरेसाठी अण्णा रोज रात्री मेडिकलमधून आणलेली गोळी घ्यायचे. सुट्टीत ती मीच आणून द्यायचो. फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना होता. तो रिकामाच गेला होता.

मग डॉक्टरांनी समजावलं. हा डाय शरीरात मुरत नाही, मूत्रपिंडातून बाहेर पडतो. पण जाताना तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतो, नलिकांच्या पेशींना इजा करतो. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. अण्णांचं मूत्रपिंड आधीच काठावर, त्यात पोटात पाणी कमी आणि वर पेनकिलर. मेटफॉर्मिनही थांबवलं, मूत्रपिंड मंदावलं की ते रक्तात साचतं आणि रक्त आम्लधर्मी होऊ शकतं.

डायलिसिस लागलं नाही. बाराव्या दिवशी क्रिएटिनिन 1.5 वर आलं. ते बारा दिवस मी कसे काढले, ते माझं मलाच ठाऊक.

होस्टेलवर परतल्यावर लायब्ररीत थोरोट्रास्टबद्दल वाचलं. 1930 ते 1950 च्या दशकांत थोरियम डायऑक्साइडचा हा डाय टोचत. फोटो सुरेख यायचे, त्रासही जाणवायचा नाही. पण तो यकृतात कायमचा बसून किरणोत्सर्ग करत राही, आणि वीस-तीस वर्षांनी कॅन्सर! त्यापुढे आजचे डाय खरंच गरीब. फक्त विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं लागतं.

तेव्हा मित्रांनो, घरी कुणाचा डायचा सीटी किंवा अँजिओग्राफी असेल तर क्रिएटिनिन किती ते विचारा आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. पेनकिलरसकट.

परवा परीक्षेचा फॉर्म भरत होतो, तेवढ्यात अण्णांचा फोन. म्हणाले, "वाचून सही कर रे बाबा!"