वाण लुटायचं असतं

पिकाच्या जातीला मराठीत वाण म्हणतात आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायका एकमेकींच्या ओटीत घालतात त्यालाही वाणच म्हणतात. दोन्ही शब्दांची कुळं वेगळी असतील, भाषेच्या अभ्यासकांनी ते बघावं. पण बागकाम करणाऱ्याला हा योगायोग फार सोयीचा आहे. हळदीकुंकवाचं वाण कोणी विकत नाही, वाटतही नाही. ते लुटायचं असतं. नागपूरचा बीजोत्सव असो, पावसाळ्यात जागोजागी भरणारे रानभाजी महोत्सव असोत, की एखाद्या सोसायटीच्या आवारातला दिवसभराचा मेळा असो, तिथे एक टेबल असं हवंच, जिथे बिया, कंद, छाट आणून ठेवायचे आणि हवं ते उचलून न्यायचं. दाराशी तिकीट नाही, टेबलावर दरपत्रक नाही. लोकांना हा आयोजकांचा मोठेपणा वाटतो. मला ती या कलेची साधी गरज वाटते. एकट्या परसबागेला कुठलंही वाण फार दिवस सांभाळता येत नाही, आणि ते सांभाळण्याचं उरलेलं काम या टेबलावर होतं.

करटुलीचंच बघा. हिचे नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे. कोणी एकच कंद आणून लावला आणि तो नर निघाला तर पावसाळाभर पिवळी फुलं बघत बसायचं, आणि मादी निघाला तरी आसपास नर नसेल तर करटुलं धरणार नाही. म्हणजे शेजाऱ्याकडच्या कंदावाचून आपला कंद अपुरा. मक्याची गोष्ट याहून अवघड. त्याचा पराग वाऱ्यावर जातो, आणि पाच-दहा ताटांमधूनच दरवर्षी बी धरलं तर दोन-तीन पिढ्यांत पीक खुरटतं, कारण सगळी झाडं एकमेकांची सख्खी भावंडं होऊन बसतात. वाण जोमदार ठेवायचं तर शंभरेक ताटांमधून बी घ्यावं लागतं. कुंड्यांत किंवा दोन वाफ्यांत ते कसं जमावं? दहा घरांनी आपापलं बी एकत्र मिसळून पुन्हा वाटून घेतलं तर जमतं. वाल-घेवड्याचं बरं, त्यांचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर भागवतं. पण त्यांनाही एक वर्ष भुंग्याचं, एक वर्ष अवकाळी पावसाचं आणि एक वर्ष घरमालक परगावी असल्याचं येतंच. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती तर आपल्या हवेत वर्षभरातच ढासळते. बियांतला ओलावा एक टक्क्याने कमी झाला तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बीजशास्त्रातला ठोकताळा आहे. राखेत घोळवून, शेणाने सारवलेल्या कणगीत किंवा वाळक्या तुंब्यात बी ठेवणाऱ्या आज्यांनी तो आकड्यांवाचून पाळला. तरी कोकणच्या आषाढात डबा किती कोरडा राहणार?

बियाणं जपायला सरकारी जनुकपेढी आहे की, असं यावर कोणी म्हणेल. आहे, आणि ती हवीच. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी उणे 18 अंशांना झोपवून ठेवलेलं असतं. पण झोपलेल्या बियांना यंदा मृग कोरडा गेला हे कळत नाही. दरवर्षी पेरलं, निवडलं, पुन्हा पेरलं तरच वाण त्या गावच्या मातीशी आणि पावसाशी जुळत जातं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचं वर्णन बियांचा संग्रह असं केलं जातं, ते मला अपुरं वाटतं. त्यांच्या घरातून बी बाहेर जातं आणि इतरांच्या वाफ्यांत उगवतं. खरी राखण तिथे होते.

फुकटाला किंमत नसते, हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. पिशव्या भरभरून बिया नेणारे आणि त्या फ्रिजच्या दारात विसरणारे असतातच. पण त्यावर दर लावला की टेबलाची रोपवाटिका होते, आणि रोपवाटिकेत तेच टिकतं जे विक्रीच्या दिवशी देखणं दिसतं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन किंवा मुंबईच्या राणीच्या बागेतलं प्रदर्शन डोळ्यांचं पारणं फेडतं, याबद्दल वाद नाही. पण लोतीचा कंद किंवा भारंगीचं रोप शेवंतीशेजारी मांडलं तर त्याला कोण पैसे देईल? किंमत हवी, पण ती पैशांत नको. बीजपेढ्यांचा जुना रिवाज आहे: मापभर नेलं तर सुगीनंतर दोन मापं परत. सवाई-दिढीची देवघेव सावकारीने बदनाम केली एवढंच. बियांच्या बाबतीत तिच्याइतकी न्याय्य पद्धत मला दुसरी दिसत नाही.

रोगराईचा आक्षेप याहून वजनदार आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात 2008 साली कोइमतूरला आढळला आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या बागांपर्यंत पोचला. पांढरा कापूस चिकटलेली एक फांदी गावभर काय करू शकते, ते तेव्हा कळलं. म्हणून माझा निवाडा कडक आहे. या टेबलावर केळीचे मुनवे नकोत, कारण पर्णगुच्छ रोग मुनव्यातून जातो. मातीसकट कुंड्या नकोत. छाट घ्यायचेच तर भिंगाखालून बघून, आणि घरी नेल्यावर दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवून. शुद्धतेचं तसंच. बाजारच्या संकरित टोमॅटोतलं बी धरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, आणि कडू दुधीचा पराग भुंग्याने आणला की गोड दुधीच्या पुढच्या पिढीत विषारी कडवटपणा येऊ शकतो. तेव्हा पुडीवर वाणाचं नाव, गाव, बी धरल्याचा महिना आणि शेजारी त्याच जातीचं दुसरं काय लावलं होतं, हे लिहिलेलं नसेल तर पुडी बाजूला ठेवावी. बाकी कायद्याची भीती कोणी घालत असेल तर 2001 चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याची, बदलण्याची, विकण्याचीही मुभा देतो. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढंच.

माझी एक तक्रार उरते, ती वेळेची. आपले बहुतेक बागोत्सव जानेवारी-फेब्रुवारीत भरतात, कारण तेव्हा फुलं फोटोत छान येतात. अदलाबदलीचं टेबल वैशाखात हवं, मृगाआधी, जेव्हा घेतलेलं बी पंधरा दिवसांत मातीत पडेल. त्यासाठी तयारी मात्र आत्ताच करावी लागेल. आपण चांगल्या शेंगा भाजीला तोडतो आणि शेवटी उरलेल्या, किडक्या, वाळक्या शेंगांचं बी धरतो. यंदा वालाच्या सर्वांत भरघोस वेलीवरच्या पहिल्या बहराच्या दहा-बारा शेंगांना दोरा बांधा आणि त्या वेलीवरच वाळू द्या. घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर त्या आमटीत जातील.