'हार्ड' आणि 'हार्डली'

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्हाला इंग्रजी व्याकरणाचा एक तास आठवला. आम्ही एम.ए. झालो ते इतिहासात. परंतु निवासी शाळेत शिक्षकाला एकच विषय धरून बसता येत नाही. इंग्रजीचे शिक्षक निवृत्त झाले आणि नववीचा तो तास आमच्याकडे आला.

त्या दिवशी परिमाणवाचक क्रियाविशेषणे शिकवावयाची होती. 'किती?' या प्रश्नाचे उत्तर देणारे हे शब्द. मुले 'खूप' या अर्थी सर्रास 'टू' लिहीत. आम्ही सांगितले, 'व्हेरी हॉट' चहा फुंकून पिता येतो, 'टू हॉट' चहा पिताच येत नाही. 'टू'मध्ये मर्यादा ओलांडल्याची तक्रार असते. मराठीत आपण 'पुरेसा उंच' म्हणतो. इंग्रजीत मात्र 'इनफ' विशेषणानंतर येऊन 'टॉल इनफ' होते. नाम असेल तर ते सहसा आधी येते, जसे 'इनफ वॉटर'. मुलांना हे सारे रुचत होते.

मग आम्ही 'माय फादर' या निबंधाच्या वह्या काढल्या. एका मुलाने लिहिले होते, 'माय फादर हार्डली वर्क्स.' आम्ही ते वाक्य त्याच्या नावासह मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "याचे वडील जवळजवळ कामच करीत नाहीत म्हणे!" वर्ग खळखळून हसला. मुलगा उभा राहिला. "सर, माझे बाबा पहाटे तीनला फडात जातात," एवढेच बोलून तो खाली बसला.

त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर उचल फेडण्यासाठी कोयत्यावर गेलेली ती माणसे हंगाम संपेपर्यंत परतत नसत. म्हणून तर तो वसतिगृहात होता. 'कष्टाने काम करतात' हेच त्याने मराठीच्या क्रमाने इंग्रजीत मांडले होते. 'स्लो'चे 'स्लोली' होते, तसे 'हार्ड'चे 'हार्डली' होत असेल, असे त्याला वाटले. 'हार्ड' हे आहे त्याच रूपात क्रियाविशेषण होते आणि 'हार्डली'चा अर्थ 'क्वचितच, जेमतेम' असा होतो, हे आम्ही त्याला शिकविलेच नव्हते.

राबणाऱ्या माणसालाच आळशी ठरविणारे लेखन इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही. त्यावर आम्ही व्याख्याने दिली होती. त्या दिवशी मात्र तेच आम्ही केले, तेही आपल्याच लेकराच्या बापाबाबत. आमचे स्वतःचे वडीलही दुसऱ्यांच्या शेतात राबत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर लिहिले, 'माय फादर वर्क्स व्हेरी हार्ड.' वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली आणि फडातील काम कसे असते ते सांगण्याची त्याला विनंती केली. उसाच्या मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहणे, गाडी भरणे, सारे त्याने मराठीत सांगितले. मग वर्गाने मिळून त्याची इंग्रजी वाक्ये केली. कोणीही हसले नाही.

त्यानंतर चुकीचे वाक्य आम्ही कधी नावासह वाचले नाही. 'तुला काय म्हणायचे होते?' हे आधी विचारतो, ते मराठीत ऐकतो आणि मगच तांबडी शाई वापरतो. त्या वर्गातील कोणी ही स्मरणिका वाचत असेल, तर त्या हशाची जबाबदारी मुलांची नव्हती, आमची होती, एवढे येथे नोंदवून ठेवतो.