कांद्याचा भाव आणि पाटीवरचा दर

मलकपेठेत राहणाऱ्या माणसाला कांद्याचा भाव वर्तमानपत्रात शोधावा लागत नाही. महबूब मॅन्शनच्या बाजार आवाराकडे वळणाऱ्या मालमोटारींच्या रांगेवरून तो वर्षानुवर्षे आम्हाला कळत आला. रांग लांबली की भाव पडलेला. रस्ता मोकळा दिसला की घरात कांदा बेताने चिरायचा. मोटारीच्या पाटीवर 'एम. एच.' वाचले, की आमच्यासारख्या तीन पिढ्या इथे काढलेल्यांनाही उगीचच माहेरचे माणूस आल्यासारखे वाटते.

आमची सारी नोकरी राज्याच्या नागरी पुरवठा खात्यात गेली. १९८३ साली एन. टी. रामाराव यांनी दोन रुपये किलो तांदळाची योजना आणली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही रुजू झालो. गोदाम, वाहतूक, रास्त भावाचे दुकान, शिधापत्रिका आणि या चारांच्या मधल्या वाटेवर सांडणारे धान्य, एवढेच आमचे विश्व. त्यामुळे शहरात ठिकठिकाणी दुकाने असलेल्या एका उपाहारगृह-साखळीच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात पुतण्या भांडारप्रमुख झाला, तेव्हा ते पाहण्याची ओढ आम्हाला वाटली ती निव्वळ कौतुकापोटी नव्हे.

पाहिले ते असे. या साखळीच्या दुकानांत स्वयंपाकी म्हणावा असा कोणी नसतोच. रस्सा, वाटण, मुरवलेले मांस हे सारे रात्री एकाच ठिकाणी सिद्ध होते. रस्सा पिशव्यांत भरून बर्फाच्या पाण्यात झपाट्याने निववतात, कारण कोमट अवस्थेत तो जितका रेंगाळेल तितका नासण्याचा धोका अधिक. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि वेळ. दुकानदार रात्री दहापर्यंत उद्याची मागणी कळवतो, आणि ती अंदाजपंचे नसते: मागच्या काही आठवड्यांतील त्याच वारची विक्री, त्यात क्रिकेटचा सामना, पाऊस, रमझान, वसतिगृहांच्या परीक्षा यांची बेरीज-वजाबाकी. पहाटे चारला थंड पेटीच्या गाड्या सुटतात. उशीर झाला आणि पावसाचे पाणी साचलेल्या मलकपेठच्या रेल्वेपुलाखाली गाडी अडकली, तर सारे गणित तिथेच बुडते.

आधी आलेला माल आधी बाहेर, हा नियम आमच्या गोदामांतही भिंतीवर रंगवलेला असे. फक्त नवी पोती जुन्यांच्या पुढ्यात रचली जात. इथे शंभर ताटांना किती तांदूळ लागायला हवा आणि प्रत्यक्षात किती गेला, याचा मेळ त्याच रात्री घालतात. आमच्याकडे तो वर्षअखेर लागे, आणि लेखापरीक्षकाच्या आक्षेपाला उत्तर जाईपर्यंत पोती कुरतडणारे उंदीरही निवृत्त झालेले असत.

बिर्याणीवरचा तळलेला कांदा मात्र पाकिटांतून येतो, तोही गुजरातेतील महुव्याकडून. कांद्याची एवढी मोठी पेठ गावातच असताना! पुतण्या म्हणाला, "काका, कच्च्या कांद्यातलं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. तळल्यावर वजन किती उतरेल याचा भरवसा नाही. पाकीट रोज सारखंच." सोबत द्यायच्या कच्च्या कांद्यापुरता तेवढा ताजा माल लागतो, तो एका पुरवठादाराकडून, वर्षाच्या करारावर.

ही रीत आपल्याकडे अगदी कालची नव्हे. १९९६ साली मॅक्डोनाल्डने भारतात पहिले दुकान उघडले, तेव्हा तळेगावचे लेट्यूस, बारामतीचे चीज आणि तळोज्याचा कारखाना अशी जुळणी त्यामागे होती. २००४ साली कल्याणात सुरू झालेल्या 'गोली वडापाव'ने तर कारखान्यात गोठवलेला वडा दुकानात तळून देण्याची वाट धरली. ते ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कानांवर हात ठेवले. आम्हाला त्यात नाक मुरडण्यासारखे काही दिसत नाही. स्वच्छ आणि एकसारखे अन्न ही सोपी गोष्ट नव्हे.

आमचे अडले ते पाटीवरच्या दरापाशी. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, भाडे, हमाली, तोलाई वजा जाता, २ रुपयांचा धनादेश मिळाला. ऑगस्टात भाव चढू लागताच निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात उघडली. या साऱ्या काळात पुतण्याच्या दुकानांतील ताटाचा दर एका रुपयानेही हलला नाही. मग ही उलथापालथ गेली कुठे?

"तो पुरवठादाराचा प्रश्न," पुतण्या म्हणाला. थोड्या वेळाने त्यानेच पुस्ती जोडली, "आणि खरं सांगू का काका, मंदीत आमची चाळणी बारीक होते." म्हणजे टंचाईत जो कांदा चालतो, तोच सुकाळात आकाराने लहान ठरून परत जातो. परतीचे भाडे पुरवठादाराचे. तो ते मागच्याच्या पट्टीतून कापतो.

दोन रुपयांचा तांदूळही ठरल्या दरानेच विकला जाई. पण खरेदी आणि विक्री यांतला फरक अंदाजपत्रकात लिहिलेला असे, विधानसभेत त्यावरून भांडणे होत, त्याला अनुदान असे नाव होते. साखळीच्या हिशेबात या फरकाला लेखाशीर्षच नाही.

हे आम्हाला एरवी इतके लागले नसते. पण तुळजापूरकडील आमच्या आत्येभावाची दोन एकर कांद्याची आहेत. या उन्हाळ्यात चाळ भरल्यावर त्याचा फोन आला, "दादा, आपल्या पोराच्या हाटेलात थेट माल नाही का घेणार?" पोराचे उत्तर कागदावर बिनतोड होते: वर्षभर, दर आठवड्याला, एकाच आकाराचा कांदा हवा. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने तगतो. उरलेल्या महिन्यांत त्याने काय पाठवावे?

बऱ्याच रदबदलीनंतर पुतण्याने वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवला आहे: तीन महिने, पंधरवड्याला एक गाडी, सोलापूरचा त्या दिवशीचा भाव अधिक वाहतूक. त्यात आम्ही एक अट आग्रहाने घालायला लावली. निवड शेतावर करावी, इथे उतरलेला माल परत जाणार नाही. बाकी कलमे मंजूर झाली. ही अट विचाराधीन आहे असे कळते. या शब्दाचा अर्थ आम्हाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. आत्येभाऊ रोज संध्याकाळी फोन करतो, आणि चाळीतल्या खालच्या थराला कोंब येऊ लागल्याचे सांगतो.