आधी कुत्र्याचं नाव कळतं

आमच्याकडे दारू प्यायची जागा अंधारी असते. काळ्या काचा, दाराला पडदा, आत मेन्यूकार्डही वाचता येणार नाही इतका मंद दिवा. 1949च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्याला कागदोपत्री आजही परवाना लागतो. त्यामुळे पिणं हे लपूनछपून करायचं काम, हे पुण्यात वाढलेल्या माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

शेफील्डला एम.एस्सी. करायला गेलो, तेव्हा वर्गात चीन, नायजेरिया आणि भारतातली मुलं होती. इंग्रज औषधालाही नव्हता. शेफील्डमध्ये राहून शेफील्डचा माणूस भेटत नव्हता. भेटलाच तर दुकानाच्या काउंटरवर, ‘पिशवी हवी का?’ एवढं विचारण्यापुरता. पबमध्ये जायला लागलो ते या एकटेपणामुळे. बिअरचं आकर्षण तेव्हा फारसं नव्हतंच.

डॉन नदीकाठचा केलम आयलंड हा जुन्या कारखान्यांचा भाग. तिथे ‘फॅट कॅट’ नावाचा पब आहे. डेव्ह विकेट यांनी एका भागीदारासोबत तो 1981मध्ये सुरू केला आणि 1990मध्ये शेजारीच बिअर बनवायला सुरुवात केली. तिथली ‘पेल रायडर’ 2004मध्ये ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरली. ही पिंपात मुरलेली बिअर गॅसच्या दाबाने न काढता हातपंपाने ओढून ग्लासात भरतात. ती कोमट असते, ही आपल्याकडची ऐकीव गोष्ट. तळघरात तिला साधारण 11 ते 13 अंशांवर ठेवतात. फ्रिजमधल्या बाटलीची सवय असलेल्याला ती गरम वाटते, इतकंच.

मला मात्र बिअरपेक्षा जास्त नवल वाटलं ते उजेडाचं. भरदुपारी खिडकीतून ऊन आत आलेलं. एक आजीबाई अर्धा पाइंट समोर ठेवून शब्दकोडं सोडवताहेत, बाबागाडीत मूल झोपलंय, टेबलाखाली कुत्रा पसरलाय. लपवण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

पबमध्ये ओळखी कशा होतात, हे हळूहळू कळत गेलं. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्यांना आपले आपण राहू द्यायचं. काउंटरपाशी उभा असलेला माणूस मात्र बोलायला मोकळा. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इंग्रजांच्या वागण्याचा अभ्यास करताना हेच नोंदवलंय: अनोळखी माणसाशी बोललेलं चालतं अशा तिथल्या मोजक्या जागांपैकी पबचं काउंटर ही एक. तिथे रांग दिसत नाही, पण कोणाच्या आधी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘यांचा नंबर आधी’ असं कुणीतरी माझ्याकडे हात करून म्हणालं, ते माझं तिथलं पहिलं स्वागत.

सुरुवात पावसावरून. मग कुत्रा. मग फुटबॉल: युनायटेड की वेन्सडे, या एका प्रश्नावर सगळं शहर दुभंगलेलं आहे. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा रोज संध्याकाळी काउंटरच्या टोकाशी उभे असत. त्यांच्या कुत्रीचं नाव मॉली, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आजोबांचं नाव कळायला हिवाळा उजाडला. तोवर ते मला ‘लव्ह’ म्हणत. शेफील्डचे पुरुष पुरुषांनाही बिनदिक्कत असं म्हणतात.

आधी हे नाव न विचारणं मला तुटक वाटलं. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेला पाच मिनिटांत विचारतो, ‘आडनाव काय? मूळ गाव कुठलं?’ त्यात आपुलकी असते, नाही असं नाही. पण आडनाव कळलं की समोरचा मनातल्या मनात एक फळी शोधतो आणि आपल्याला तिच्यावर ठेवून देतो. पुढच्या गप्पा त्या फळीवरून होतात. पबमध्ये मला ठेवायला फळीच नव्हती. मी कोण, हे माझ्या बोलण्यावरूनच ठरणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझी ओळख आडनावाच्या आधी होत होती.

घोळक्यात सामील झाल्यावर राउंडचा नियम आला. आळीपाळीने एकेकाने सगळ्यांसाठी घ्यायचं. मी बहुतेकदा लाइम-सोडा पीत असे, म्हणजे हिशोबाने माझंच नुकसान. पण पाळी चुकवणाऱ्याला तिथे मान नाही. आणि ‘आता तुझी पाळी’ असं आजोबांनी हक्काने सांगितलं, त्या संध्याकाळी मी पाहुणा राहिलो नाही.

नोव्हेंबरात ते मला शहराबाहेर डंगवर्थच्या ‘रॉयल हॉटेल’मध्ये घेऊन गेले. हॉटेल नावाला, एरवी खेड्यातला पबच. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत रविवारी दुपारी तिथे नाताळगीतं गातात. एकोणिसाव्या शतकात चर्चला ही दणदणीत गाणी नकोशी झाली, ती पबांनी जपली. मेंढपाळांचं एकच गाणं तिथे वेगवेगळ्या चालींवर म्हणतात, जसा एखादा अभंग गावोगाव वेगळ्या चालीत ऐकू येतो. हातात ग्लास, खांद्याला खांदा, आणि जुन्या मंडळींना सगळं तोंडपाठ. मला शब्द येत नव्हते; शेजारच्या बाईंनी आपल्या कागदावर बोट ठेवून मला ओळी दाखवल्या.

परतताना लॉक्सलीच्या खोऱ्यात आजोबांनी 1864च्या पुराची हकिगत सांगितली. डेल डाइक धरण पहिल्यांदाच भरत होतं, मार्चमधल्या एका रात्री ते फुटलं आणि अडीचशेच्या आसपास माणसं वाहून गेली. मी त्यांना पानशेत सांगितलं. तेही नवंच धरण, पहिल्याच पावसाळ्यातलं पाणी, 12 जुलै 1961. नारायण पेठेतल्या आजीच्या वाड्यात चिखल किती साचला होता, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. आणि मग, पुण्याच्या पुराविषयी सगळं कळल्यावर, हात पुढे करून त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि माझं विचारलं. फक्त नाव.

आता पुण्यात परतलोय. डेक्कन क्वीनमध्ये शेजाऱ्याशी हवापाण्यावरून सुरुवात करतो, नाव-गाव विचारायचं टाळतो. लोणावळ्यापर्यंत गाडी बरी चालते. पण कर्जत यायच्या आत समोरचाच न राहवून विचारतो, ‘बाकी सगळं कळलं हो, पण आपण म्हणजे नेमके कोण?’