सात दिवसांचें टिपण

आमच्या भिंगारजवळच नगरचा भुईकोट किल्ला आहे. ह्या नगरांत (शहराला आतां अहिल्यानगर म्हणतात) इ. स. १५४९ मध्यें मुहंमद बिन हसन रूमी नांवाच्या कारागिरानें 'मलिक-इ-मैदान' ही तोफ ओतली. ती पुढें विजापुरास गेली व अद्याप तेथेंच आहे. रूमी म्हणजे रूम देशचा, अर्थात् तुर्कस्तानाकडचा. हें सांगतांना मी दरवर्षीं वर्गांत तो देश नकाशावर दाखवीत असें. यंदा मुलांनीं आग्रह धरला कीं, आम्हां दोघां भावांनीं आपापल्या मंडळींसह तेथें सात दिवस जाऊन यावें. मीं लगेच वही घेतली.

संस्कृत शिकलेल्या माणसाचा ओढा इस्तंबूलपेक्षां बोगाझकोईकडे अधिक असावयाचा. अंकारेपासून सुमारें दोनशें किलोमीटरवरील ह्या स्थळीं हिट्टाइट राजांची राजधानी होती. तेथें १९०६ पासून झालेल्या उत्खननांत मातीच्या कोरीव पाट्या सांपडल्या, आणि इसवी सनापूर्वीं चौदाव्या शतकांतील एका तहांत मितानीच्या राजानें मित्र, वरुण, इंद्र व नासत्य ह्यांना साक्षीस बोलाविलेलें दिसलें. आपल्या ऋग्वेदांतील देव, आणि इतक्या दूर! तेथें मीं दोन दिवस दिले. बाकीच्या दिवसांत आयासोफिया, तोपकापी राजवाडा, संग्रहालयें, बाजार, सारें कोंबलें. जेवणास प्रत्येक वेळीं अर्धा तास. शाळेचें वेळापत्रकच झालें तें.

टिपण माजघरांत वाचून दाखविलें. सौ. व भावजय भाजी निवडीत होत्या.

"अहो, पण तिकडे आपण खायचें काय?" सौ.नें विचारलें.

हा अभ्यास मीं केलाच होता. ऑलिव्हच्या तेलांत शिजवून गार वाढलेल्या भाज्या, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, तीळ लावलेलें सिमित नांवाचें पावाचें कडें, आणि आयरान, म्हणजे आपलें खारें ताकच. मसुरीचें सूप मात्र मांसाचा रस घातला नाहीं ना, हें विचारूनच घ्यावें. सकाळच्या न्याहारीस 'काहवाल्ती' म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधींचें. चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, मध, मुरंबे अशा लहान लहान बशा मांडून सारे एका टेबलाशीं तासभर बसतात, व बिनदुधाचा चहा पुनः पुनः येत राहतो.

"आणि वाढायचें कुणी?"

"हॉटेलचे नोकर वाढतील."

"मग आम्ही दोघी?"

"तुम्हीही बसायचें."

भावजय हंसली. सौ. कांहीं बोलली नाहीं; तिनें मेथीची जुडी पुढें ओढली. आमच्या घरीं पुरुषांची व मुलांची पंगत आधीं, बायकांची मागाहून. लग्नाच्या दिवशींचें जेवण सोडलें तर चाळीस वर्षांत आम्ही दोघे शेजारीं बसून निवांत जेवल्याचें मला आठवेना. मीं वर्गांत मैत्रेयी-याज्ञवल्क्यांचा संवाद शिकवून घरीं येत असें, आणि ती मी उठल्यावर पानावर बसे. ह्याची मला आजवर कधीं लाज वाटली नव्हती.

रात्रीं मीं वही काढून बोगाझकोईवर रेघ मारली, व रोजच्या न्याहारीस दीड तास घातला.

सकाळीं वही देवघराजवळ उघडी पडलेली दिसली. बाजार व दोन संग्रहालयें पेन्सिलीनें खोडलीं होतीं. बोगाझकोई पुन्हां मांडलें होतें, आणि समोर सौ.च्या अक्षरांत होतें: "नीट न्याहारी करून निघणें. घाई करूं नये."